टेप चालू आहे तोवर

सांगितलेली कुठलीही गोष्ट प्रत्यक्षात तेवढी भरत नाही, यावर माझ्या बायकोच्या मामांची जेवढी श्रद्धा होती, तेवढी श्रद्धा मी नवस फेडायला आलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरही पाहिलेली नाही. मामा वजनमापे खात्यात निरीक्षक होते. छत्तीस वर्षं त्यांनी जिल्ह्यातल्या बाजारांतून तराजू उलटेपालटे केले, पारड्याच्या बुडाला चिकटवलेली चिंच नखानं खरवडून काढली, किलोच्या वजनाला खालून पाडलेली भोकं शोधली आणि कापडवाल्यांच्या झिजलेल्या मीटरपट्ट्या जप्त केल्या. निवृत्त होताना खात्यानं त्यांच्याकडून शिक्के परत घेतले, प्रमाणित वजनांची पेटी परत घेतली, संशय तेवढा परत मागायचा राहून गेला. तो घेऊन मामा घरी आले आणि पुढची वीस-एक वर्षं तो त्यांनी आम्हा नातेवाइकांवर वापरला.

मामा दोन्ही मनगटांवर घड्याळं बांधत. एक लबाड निघालं तर दुसरं साक्षीला असावं, असं त्यांचं म्हणणं. दोन्ही घड्याळांत मिनिटभराचा फरक पडला की त्या दिवशी ते घरात फारसं कुणाशी बोलत नसत, कारण गुन्हेगार कोण ते ठरायचं असे. दुधासाठी ते गंगावेशीतल्या कट्ट्यावर जात. तिथं म्हैस गिऱ्हाइकासमोर उभी करून धार काढतात, म्हणजे भेसळीला जागाच नाही. मामा म्हशीच्या पुढ्यात जाऊन उभे राहत आणि गवळ्याला विचारत, "सकाळच्याला हिला पाणी किती पाजलं?" लग्नात पंगतीला बसले की पानात पडलेला लाडू आधी तळहातावर घेऊन जरा खालीवर करत, आणि मग शेजाऱ्याच्या लाडवाकडं बघत. आमच्या मोठ्या मुलीच्या जन्माची बातमी द्यायला मी गेलो आणि वजन सव्वातीन किलो म्हणून सांगितलं, तर पेढा तोंडात घालायच्या आधी मामांनी विचारलं, "काटा कुठला होता?"

माझी आणि मामांची पहिली गाठ पडली ती मुलगी बघायच्या कार्यक्रमात. सासरे साधे, भिडस्त गृहस्थ, त्यामुळं चौकशीचं काम मामांकडं सोपवलेलं होतं.

"पावणं, तुमी नेमकं काय करता म्हणायचं?"

"मी भूलतज्ज्ञ आहे. ऑपरेशनच्या वेळी पेशंटला भूल देतो."

"म्हंजे माणसं झोपवता."

"हो."

"आणि उठवतं कोण?"

"मीच उठवतो."

मामा थोडं पुढं सरकले. "न्हाई उठला तर?"

खोलीतल्या सगळ्यांचे चमचे पोह्यांत थांबले. शेवटी मामींनी आतून येऊन मामांच्या हातात चहाची कपबशी दिली आणि म्हणाल्या, "उठत्यात सगळी. तुमी च्या घ्या." मामी गडहिंग्लजच्या पलीकडच्या. तिकडच्या लिंगायत घरांत असते तशी त्यांची मायबोली कन्नड, पण मामांच्या घरात येऊन मराठी अशी पक्की झाली होती की मामांना गप्प करणारी दोन-चार वाक्यं त्यांच्याइतकी चोख कुणालाच येत नव्हती. लग्न ठरलं ते मामींमुळं, असं मी अजून मानतो.

माझं काम तेव्हा स्कूटरवरचं होतं. काळी बॅग पुढं ठेवायची आणि सकाळी एका दवाखान्यात, दुपारी दुसऱ्या, असं गावभर फिरायचं. त्यातला एक दवाखाना राजारामपुरीच्या गल्लीत होता. तिथले सर्जन उंच, शांत आणि कमी बोलणारे. त्यांच्या ऑपरेशन थिएटरमध्ये औजारांच्या कपाटावर एक टेपरेकॉर्डर होता, वरून प्लॅस्टिकची पिशवी चढवलेला. हात धुऊन, गाऊन चढवून, हातमोजे घालून ते टेबलाजवळ आले की माझ्याकडं बघून नुसती मान हलवायचे. मी टेप लावायचा. सगळ्यांचे हात निर्जंतुक असत, माझेच काय ते उघडे, म्हणून कॅसेट लावणं आणि बाजू उलटणं हे काम माझ्याकडं आलेलं. डॉक्टरांचं सगळं मन मला त्या टेपवरून कळायचं. सुरळीत चाललं असेल तर आवाज तसाच राहायचा. जरा अवघड जागा आली की ते मान न वळवता म्हणायचे, "बारीक करा." आणि खरंच काही बिनसलं, तर एकच शब्द यायचा, "बंद."

ही गोष्ट मामांपुढं बोलायची नव्हती. पण एकदा मामांकडं जेवायला बसलो असताना माझी बायको कौतुकानं बोलून गेली, की ह्यांच्या त्या डॉक्टरांना गाण्याशिवाय ऑपरेशनच करता येत नाही. मामांचा पुरणपोळीचा घास वाटेतच थांबला.

"गाणी? माणूस फाडताना?"

"अगदी हळू आवाजात असतात, मामा," मी म्हणालो. "बऱ्याच ठिकाणी लावतात."

"कुणासाठी? पेशंट तर तुमी झोपवलाय."

"डॉक्टरांसाठी. त्यांचं चित्त लागतं."

"कशात? गाण्यात?"

"कामात, मामा. कामात चित्त लागतं."

मामांनी घास परत ताटात ठेवला. "हे बघा जावईबापू, छत्तीस वर्षं मी बाजार बघितलाय. तराजू धरून व्यापारी गुणगुणाय लागला की मी आधी त्येच्या बोटांकडं बघायचो. माणूस गातंय ते ध्यान दुसरीकडं न्यायला. गिऱ्हाइकाचं न्हाई तर सोताचं." मग जरा थांबून त्यांनी खरा प्रश्न विचारला. "आणि कॅसेटची बाजू कोण उलटतंय?"

मी भाताकडं बघितलं. मामी खळखळून हसल्या. मामांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की पारड्याखाली चिंच सापडलेला दुकानदार कसा दिसत असेल ते मला त्या दिवशी कळलं.

त्यानंतर आठच दिवसांनी त्या दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टरांनी मला बाजूला घेतलं. "सर, ते दोन घड्याळवाले गृहस्थ तुमचे कोण?" मी वॉर्डात जाऊन बघतो तर मामा एका खाटेशी उभे. हातात शिंप्याकडं असते तसली टेप. खाटेवरचा माणूस उचगावचा, अपेंडिक्स काढून चार दिवस झालेला, आणि आपण होऊन सदरा वर धरून बसलेला.

"चार इंच आणि एक दोरा," मामा म्हणाले आणि इंचाचा तो आठवा भागसुद्धा त्यांनी खिशातल्या वहीत टिपून घेतला. मग मला बघून, जराही न दचकता म्हणाले, "बरं झालं आलासा. ह्येच्या टायमाला कंचं गाणं चालू होतं?"

"मामा, हे काय चाललंय?"

"तपासणी. त्या कोपऱ्यातल्या बाईचा व्रण साडेपाच इंच, ह्येचा चार. दुखणं एकच. मग फरक कशाचा? गाण्याचा हाय का न्हाई, तेवढं बघाय नको?"

"त्या बाईंचं अपेंडिक्स फुटलं होतं. म्हणून मोठं उघडावं लागलं."

"हे तुमी सांगता," मामा म्हणाले.

उचगावचा माणूस आता घाबरला होता. "डॉक्टर, माझ्या येळंला गाणं लावलंतं व्हय?" मी त्याला समजावलं, मामांना दंडाला धरून बाहेर आणलं आणि सर्जनसाहेबांची माफी मागायला गेलो. ते हसले नाहीत की रागावलेही नाहीत. म्हणाले, "येऊ दे त्यांना. फक्त पेशंटला हात लावायच्या आधी हात धुवायला सांगा." मामा पुढं महिनाभर आठवड्यातून दोनदा येत राहिले. हात धुऊन. मोठ्या सिस्टरांनी साबणाची वडी दाखवली, की वडी बदललीय का तीच आहे ते बघून मगच धूत.

मामांच्या वहीतून काय निष्पन्न झालं ते मला कधीच कळलं नाही. पण त्यांचा संशय हा सर्दीसारखा होता, जवळ बसणाऱ्याला लागायचा. पूर्वी मी टेप लावून आपल्या कामात असायचो. आता मी सर्जनच्या हातांकडं बघायला लागलो. संथ, आलापीचं काही लागलेलं असेल तर हात कसा चालतो, ढोलकी वाजत असेल तर कसा चालतो. आणि एके दिवशी मला दिसलं. पोट बंद करायचं काम चाललं होतं, टेपवर ठसकेबाज ठेक्याचं गाणं आलं आणि डॉक्टरांची सुई त्या ठेक्यात जायला लागली. टाका, गाठ, कात्री. टाका, गाठ, कात्री. काही चुकत नव्हतं, पण नेहमीपेक्षा भरभर होत होतं. मी उठून आवाज कमी केला.

"का हो?" डॉक्टरांनी विचारलं.

"हात जरा ठेक्यात चाललाय, सर."

थिएटरमध्ये कुणी कुणाला असं बोलत नाही. सिस्टरांनी खाली बघितलं. डॉक्टरांनी शेवटचे तीन टाके पुन्हा नीट तपासले, त्यातला एक कापून टाकला आणि नवा घातला. हात धुताना मला म्हणाले, "ढोलकीच्या कॅसेटी उद्यापासून चहाच्या खोलीत ठेवा." मी हे मामांना सांगितलं नाही. सांगायला हवं होतं असं आता वाटतं, पण तेव्हा मला भीती वाटली, की हे ऐकल्यावर मामा थिएटरच्या आतच खुर्ची मागतील.

खुर्ची नाही, पण टेबल मात्र त्यांना लवकरच मिळालं. मामांना हर्निया होता. तो त्यांनी दीड वर्ष लपवला, कारण हर्निया हा डॉक्टर लोकांनी काढलेला धंदा आहे असं त्यांचं मत होतं. शेवटी एका सकाळी बादली उचलताना ते खाली बसले ते उठेनात, तेव्हा मामींनी मला फोन केला. ऑपरेशनला मामांनी तीन अटी घातल्या. ते जागे राहणार, म्हणजे कमरेत सुई देऊन खालचं अंग तेवढं बधिर करायचं. भूल मीच द्यायची. आणि गाणं अजिबात लावायचं नाही.

"भूल मीच का?" मी सुखावून विचारलं.

"तुमच्यावर इस्वास हाय म्हणून न्हवं," मामा म्हणाले. "पण तुमी पळून जाऊन जाऊन कुठं जाणार? घर ठावं हाय मला."

थिएटरमध्ये घड्याळं काढावी लागतात म्हटल्यावर त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि दोन्ही आपल्या नजरेसमोर धरून ठेवायला सांगितली. सुई झाली, पाय बधिर झाले, छातीवर हिरवा पडदा आडवा लागला. टेपरेकॉर्डर बंद. आणि त्या खोलीत असा सन्नाटा पसरला की तसा मीही कधी अनुभवला नव्हता. औजार ट्रेमध्ये ठेवल्याचा आवाज पितळी भांडं पडल्यासारखा यायला लागला. मामांच्या नाडीचं यंत्र टिक टिक करत होतं.

"ही टिकटिक कसली?" मामांनी विचारलं.

"तुमच्या नाडीची, मामा."

"आता भरभर का व्हाय लागली?"

"तुम्ही घाबरलाय म्हणून."

"मी? मशीन खोटं हाय. ह्येच्यावर तपासणीचा शिक्का कवाचा हाय?"

डॉक्टर एरवी ऑपरेशनमध्ये बोलत नसत. पण त्या दिवशी गाणं नव्हतं. शांतता त्यांनाही सोसेना असं दिसलं. ते बरोबरच्या डॉक्टरांशी गप्पा मारायला लागले. कळंब्याकडं बांधलेल्या घराच्या गच्चीतून पाणी गळतंय, गवंड्यानं उतारच उलटा काढलाय, असं काहीतरी. "एकदा चुकलं ते चुकलं," डॉक्टर म्हणाले, "आता सगळं उकरून परत करायचं." मामांची नाडी एकशेवीसवर गेली. मी कानात सांगितलं, "गच्चीबद्दल बोलतायत, मामा." तेवढ्यात पडद्यापलीकडून आवाज आला, "अरे, इथं होता की, गेला कुठं?"

"काय गेलं?" मामा ओरडले. "काय हरवलं?"

"काही नाही, मामा. चिमटा बघतोय."

"माझ्या पोटात बघताय व्हय?"

चिमटा ट्रेमध्येच होता, कापडाखाली. पण मामांचे ओठ सुकले होते. त्यांनी माझी बाही धरली आणि इतक्या हळू आवाजात बोलले, की मला वाकावं लागलं. "जावईबापू... लावा की ओ काय तर."

"काय लावू?"

"कायबी. संथ असलं बघा. ठेका नको."

मी बासरीची कॅसेट लावली. पाचच मिनिटांत डॉक्टरांचं बोलणं थांबलं, नाडी नव्वदवर आली आणि मामांनी छताकडं बघत डोळे मिटून घेतले. घड्याळं धरून माझा हात अवघडला होता, ती मी हळूच खिशात टाकली. खोलीत परत आणल्यावर मामींनी विचारलं, कसं झालं? मामा म्हणाले, "गाणं डॉक्टरच्या कानासाठी न्हाई. त्येंचं तोंड बंद ठेवायला हाय." टाके काढल्यावर त्यांनी आपला व्रण मोजला. किती इंच भरला ते कुणालाही सांगितलं नाही, पण पुढं बरेच दिवस त्यांनी डॉक्टरांबद्दल वाईट बोलल्याचं माझ्या कानावर आलं नाही.

मग सहा-सात वर्षं गेली. मामींना जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ यायची. त्या कुणाला सांगत नसत, ओवा चावून गप्प बसत. तपासल्यावर पित्ताशयात खडे निघाले. पित्ताची पिशवी काढायची ठरली, त्याच दवाखान्यात, त्याच डॉक्टरांकडं. मामींना भूल द्यायला माझा हात धजेना. मी माझ्या एका सहकारी बाईंना बोलावलं आणि बाहेर मामांच्या शेजारी बाकावर बसलो. इतक्या वर्षांत त्या दाराच्या बाहेरच्या बाजूला मी कधी बसलोच नव्हतो. दोन झडपांचं दार, मध्ये बोटभर फट. फटीतून गाणं येत होतं. सनई होती.

मामा ताठ बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर, दोन्ही घड्याळं वर.  मग आवाज बारीक झाला. मी समोरच्या भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडं बघायला लागलो. आणि थोड्याच वेळात गाणं बंद झालं.

"थांबलं," मामा म्हणाले.

"कॅसेट संपली असेल."

मामांनी आधी डावं घड्याळ बघितलं, मग उजवं. "एक बाजू तीस मिंटं चालती. बावीस झाली."

 हर्नियाच्या वेळी मीच त्यांना फुशारकीनं सांगितलं होतं, 'बारीक' म्हणजे काय आणि 'बंद' म्हणजे काय. दार उघडून एक सिस्टर बाहेर आल्या, पळत गेल्या आणि रक्ताची पिशवी घेऊन तशाच पळत आत गेल्या. त्यांनी आमच्याकडं बघितलं नाही. ज्या माणसानं म्हशीच्या पाण्याचीसुद्धा चौकशी केली, त्यानं त्या सिस्टरांना काहीच विचारलं नाही. तो फक्त उठला, दारापाशी जाऊन फटीला कान लावून उभा राहिला, आणि परत येऊन बसला.

"तिच्या भैनी आल्या की घरात कन्नड चालायचं," मामा समोर बघत म्हणाले. "मला वाटायचं, माझ्यावरच बोलत्यात. पंचेचाळीस वर्सं वाटत आलं. हसायच्या त्या, तर मी उठून भायेर जायचो. एकदाबी इचारलं न्हाई तिला, काय बोलत होतीसा म्हणून."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. हात गार होता. त्यांनी तो काढून घेतला नाही.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा पाऊणएक तास झाला असेल. मास्क गळ्यात लोंबत होता, गाऊन छातीपर्यंत भिजलेला. ते सरळ मामांसमोर येऊन उभे राहिले. "एक शीर हातातून निसटली, मामा. बरंच रक्त गेलं. आता थांबलंय. मामी ठीक आहेत."

मामा उभे राहिले. "गाणं का बंद केलंसा?"

मला वाटलं, डॉक्टर काहीतरी समजुतीचं सांगतील. मी तेच सांगितलं असतं. त्यांनी भिंतीला हात टेकला. "घाबरलो होतो," ते म्हणाले. "त्या वेळी मला दुसरं काही ऐकू यायला नको होतं."

मी मामांच्या पुढच्या प्रश्नाची वाट बघत होतो. शीर निसटली कशी, कुणाच्या हातातून, त्या आधी कुठलं गाणं होतं. मामांनी डॉक्टरांच्या चेहऱ्याकडं खूप वेळ बघितलं. मग बाकावरचा आपला पाण्याचा तांब्या उचलून त्यांच्या हातात दिला. "बसा," ते म्हणाले. "पाणी प्या आधी."

मामींना शुद्ध आली ती दुपारी. भुलीतून बाहेर येताना माणूस आपल्या पहिल्या भाषेत येतो, हे मी शेकडो वेळा पाहिलंय. मामी डोळे न उघडताच काहीतरी कन्नडमध्ये पुटपुटल्या. मामा एकदम वाकले. "काय म्हणती? काय म्हणती ही?" खाटेशी असलेल्या सिस्टर निपाणीच्या होत्या. त्यांनी ऐकलं आणि हसल्या. "ऊटा आयता, म्हणतायत. तुमचं जेवण झालं का, असं विचारतायत."

मामा तसेच वाकलेले राहिले. "न्हाई," ते मामींना म्हणाले. "न्हाई की अजून." आणि मग त्यांचा चेहरा असा काही झाला, की मी आणि सिस्टर सलाइनची बाटली बघायला वळलो, जी अगदी व्यवस्थित चालली होती.

मामी बऱ्या झाल्या आणि पुढं आठ वर्षं चांगल्या जगल्या. पण त्या घरी गेल्यावरसुद्धा मामांचं दवाखान्यात येणं थांबलं नाही. सकाळी नऊच्या सुमाराला ते येत आणि ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर बसत. मला वाटलं, पुन्हा मोजायची टेप आणि वही निघणार. सिस्टरांनाही तसंच वाटलं आणि त्या साबणाची वडी घेऊन आल्या. मामांनी मान हलवली. ते नुसते बसत. शेजारी आतल्या पेशंटची माणसं असत, गडहिंग्लजहून पहाटेच्या एसटीनं आलेली, पिशव्या मांडीवर धरलेली. आतून गाण्याचा आवाज आला की त्यांतलं कुणीतरी भडके. "आमचं माणूस आत फाडलंय आणि ह्यास्नी गाणी सुचत्यात व्हय?" मामा त्यांना म्हणत, "चालू हाय न्हवं? मग बसा निवांत. मी तपासलंय ते." आणि खात्याचा जुना माणूस बोलतोय असं त्या आवाजात काहीतरी असे, की माणसं निवांत बसत.

एकदा आतलं प्रकरण अवघड झालं. डॉक्टरांनी 'बंद' म्हटलं, मी टेप बंद केला. ब्लड बँकेला फोन करायचा होता, सिस्टरांचे हात गुंतलेले, म्हणून मी स्वतः दोन मिनिटांपुरता दार ढकलून बाहेर आलो. बाकावर एक म्हातारी आणि तिचा भाऊ बसले होते आणि मामांचा आवाज कॉरिडॉरभर घुमत होता. "तुमच्या गावचा बाजार? अवो, तुमच्या बाजारात अजून दगडाची वजनं चालत्यात! मी सोता धरलेली हाईत!"

"कोण म्हणतंय?" म्हातारीचा भाऊ तावातावानं उभा राहिला होता. "आमच्या गावात असली लबाडी चालत न्हाई. नाव घ्या दुकानदाराचं, नाव घ्या!"

"नाव काय, धा नावं घेतो!"

म्हातारीही भांडणात उतरली होती. गावाची अब्रू वाचवायच्या नादात त्या दोघांनाही आतलं गाणं थांबल्याचा पत्ता नव्हता. मामांनी भांडता भांडता माझ्याकडं एकच नजर टाकली. आयुष्यभर त्यांनी मला हजार प्रश्न विचारले होते, पण त्या नजरेतल्यासारखा एकही नव्हता. मी मान हलवली, म्हणजे अजून काही सांगता येत नाही. त्यांनी तोंड फिरवलं आणि आवाज आणखी चढवला. त्या गावच्या किराणा दुकानापासून पिठाच्या गिरणीपर्यंत त्यांनी सगळ्यांवर आळ घेतला. पुरा पाऊण तास घेतला. तो पेशंट वाचला. जाताना म्हातारीचा भाऊ मामांशी बोलला नाही.

मामी गेल्या त्यानंतर दोन वर्षांनी मामाही गेले. जेवण करून दुपारी खुर्चीत बसले होते, तसेच. मी अजून त्या दवाखान्यात जातो. आत गाणी असतात, टेपऐवजी दुसरं यंत्र आलंय, आणि अधूनमधून ते बंद करायची वेळही येते. अशा वेळी कधी मला बाहेर यावं लागलं, तर बाकावरची माणसं एकदम बोलायची थांबून माझ्याकडं बघतात. मी मास्क खाली ओढतो आणि त्यांना त्यांच्या गावाचं नाव विचारतो. ती सांगतात. पुढं काय बोलावं ते मला सुचत नाही.